एक्सलेटर अडकला तर: गाडी थांबवायचा क्रम आत्ताच ठरवून ठेवा

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा बहुतेक तशीच ठेवली आहे. ऐकताना सुटून जातील अशी आकड्यांची वाक्यं तेवढी नीट लावून घेतली आहेत.)

आजचा विषय जरा अंगावर येणारा आहे, पण त्यातून जे शिकायचंय ते दहा मिनिटांत शिकून होतं, म्हणून घेतलाय.

तुम्ही हायवेवर आहात. पाय एक्सलेटरवरून उचललाय. पण गाडीचा वेग कमी होत नाहीये, उलट वाढतोय. आता काय कराल?

मनातल्या मनात उत्तर द्या. आणि उत्तर सापडायला किती वेळ लागला तेही बघा. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. तुम्ही पाच सेकंद विचार केला असेल, तर गाडी १४० मीटर पुढे निघून गेली.

म्हणून मी उत्तर आधीच सांगून टाकते.

एक: ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबूनच ठेवा. सोडायचा नाही.
दोन: गिअर न्यूट्रलमध्ये टाका.
तीन: गाडी कडेला घेऊन थांबवा.
चार: थांबल्यावर इंजिन बंद करा.

एवढंच. हाच क्रम. आता उरलेल्या वेळात हा क्रम असाच का, आणि लोकांना तो ऐन वेळी का सापडत नाही, ते बघू.

एक गाडी, दोन ड्रायव्हर

२८ ऑगस्ट २००९. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये सॅन डिएगो शहराजवळ सॅन्टी नावाचं गाव आहे, तिथली ही घटना. एका कुटुंबाने आपली लेक्सस सर्व्हिसिंगला टाकली होती. तेवढ्या दिवसापुरती डीलरने त्यांना दुसरी लेक्सस वापरायला दिली, ईएस ३५०. गाडीत चौघं होते: नवरा, बायको, त्यांची १३ वर्षांची मुलगी आणि बायकोचा भाऊ. गाडी चालवणारा माणूस कॅलिफोर्नियाच्या हायवे पोलिसांत अधिकारी होता. म्हणजे भरधाव गाडी हाताळणं हा ज्याच्या नोकरीचाच भाग, असा माणूस.

हायवेवर एक्सलेटर अडकला. मागे बसलेल्या मेहुण्याने ९११ ला, म्हणजे तिकडच्या आपत्कालीन नंबरला फोन लावला. एक्सलेटर अडकलाय, ब्रेक लागत नाहीये, पुढे रस्ता संपतोय, हे त्याने सांगितलं. तो फोन एक मिनिटसुद्धा चालला नाही. हायवे जिथे संपून चौकात उतरतो तिथे गाडी दुसऱ्या एका गाडीला धडकली, रस्ता सोडून खाली गेली आणि पेटली. चौघंही गेले.

तपासात काय सापडलं? गाडीत पायाखाली जे रबरी मॅट होतं, ते त्या गाडीचं नव्हतंच. लेक्ससच्याच एका मोठ्या एसयूव्हीचं होतं. आकाराने लांब, आणि खालच्या हुकात न अडकवलेलं. एक्सलेटर पूर्ण दाबला की त्याची खालची कड मॅटमध्ये रुतायची आणि पाय उचलला तरी पेडल वर येत नव्हतं. बाकी काही नाही, एक रबराचा तुकडा.

आता या प्रकरणातली जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सांगते. अपघाताच्या काही दिवस आधी हीच गाडी, याच मॅटसकट, डीलरने दुसऱ्या एका ग्राहकाला दिली होती. आणि त्याच्या बाबतीतही तेच झालं. हायवेवर शिरताना त्याने एक्सलेटर दाबला, पेडल तिथेच अडकलं, गाडी सुटली. त्याने जोरात ब्रेक दाबून वेग कमी केला, गाडी कडेला घेतली, न्यूट्रलमध्ये टाकली, इंजिन बंद केलं. खाली वाकून बघितलं तर पेडल मॅटमध्ये अडकलेलं. ते सोडवलं, गाडी परत करताना डीलरच्या काउंटरवर तसं सांगितलंही. पुढे ती तक्रार कुठेतरी हवेत विरली आणि मॅट तसंच राहिलं.

गाडी तीच, बिघाड तोच. एक माणूस घरी पोचला, चार माणसं पोचली नाहीत. इथे मला गेलेल्या ड्रायव्हरला दोष द्यायचा नाहीये. त्या गाडीला किल्ली फिरवायची सोय नव्हती, बटण होतं. आणि चालत्या गाडीत ते बटण नुसतं दाबून काही होत नव्हतं, तीन सेकंद दाबून धरावं लागायचं. गिअरच्या दांड्याची खाच सरळ नव्हती, वळणावळणाची होती. एका दिवसासाठी मिळालेल्या परक्या गाडीत हे कोणाला माहीत असणार? आणि ताशी १६० च्या वेगाने ते तीन सेकंद म्हणजे १३३ मीटर. थांबवायची प्रत्येक सोय गाडीत हजर होती, पण घाबरलेल्या माणसाला सापडेल अशी नव्हती.

या अपघातानंतर टोयोटाने (लेक्सस हा टोयोटाचाच ब्रँड) मॅटच्या कारणासाठी अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्या रिकॉलच्या यादीत घातल्या. पुढे पेडलच मुळात चिकटून बसण्याच्या दोषासाठी आणखी लाखो. कॉम्प्युटरमध्येच गडबड आहे का, हे शोधायला नासाचे इंजिनिअर बसवले गेले. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांचा अहवाल आला: इतक्या वेगाने गाडी सुटायला कारण ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. त्यावरही वाद थांबला नाही. २०१३ साली ओक्लाहोमातल्या एका खटल्यात ज्यूरीने गाडीच्या सॉफ्टवेअरबद्दलचा युक्तिवाद मान्य करून कंपनीच्या विरोधात निकाल दिला. आणि २०१४ मध्ये, सुरक्षेच्या दोषांबद्दल ग्राहकांची दिशाभूल केल्याच्या प्रकरणात कंपनीने अमेरिकी सरकारला १२० कोटी डॉलर भरले.

हे सगळं वकिलांचं आणि इंजिनिअरांचं काम. ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या माणसाला कारण शोधत बसायची गरज नाही. मॅट असो, पेडल असो, कॉम्प्युटर असो, थांबवायचा क्रम तोच.

ब्रेक जिंकतो, पण एकदाच दाबला तर

लोकांना वाटतं, इंजिन सुटलं की ब्रेकचं काही चालत नाही. हिशेब करून बघू. १२०० किलोची गाडी ताशी १०० वरून साडेतीन सेकंदांत थांबते असं धरा, चांगल्या कोरड्या रस्त्यावर एवढं होतं. तेवढ्या वेळात ब्रेक जी ऊर्जा जिरवतात ती पावणेदोनशे अश्वशक्तीच्या आसपास जाते. आणि आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकचं इंजिन किती अश्वशक्तीचं असतं? ८०-९०. म्हणजे ब्रेक इंजिनाच्या दुप्पट तगडे आहेत.

‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकी मासिकाने २००९ मध्ये हे प्रत्यक्ष करून बघितलं. सहा सिलिंडरची कॅमरी, वेग ताशी ११२ किलोमीटर, एक्सलेटर पूर्ण दाबलेला, आणि ब्रेकही पूर्ण दाबलेला. गाडी ५८ मीटरमध्ये थांबली. एक्सलेटर सोडून ब्रेक लावला तेव्हा ५३ मीटर लागले होते. फरक पाच मीटरचा, एका गाडीच्या लांबीएवढा.

मग सॅन्टीमध्ये ब्रेक का लागला नाही? तपासणाऱ्यांना त्या गाडीचे ब्रेक जळालेले आढळले. म्हणजे ब्रेक दाबला जात होता, बराच वेळ दाबला जात होता. ब्रेकचं असंच आहे. एका दमात पूर्ण दाबला तर इंजिनाला हरवतो. भरधाव वेगात थोडा थोडा दाबत राहिलात तर तापतो, आणि तापलेला ब्रेक धरत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ते आहे बूस्टर. ब्रेकचं पेडल आपल्या पायाला हलकं लागतं कारण मागे बूस्टर ढकलायला मदत करतो. पेट्रोल गाडीत त्याला ही ताकद इंजिनातल्या व्हॅक्यूममधून मिळते. एक्सलेटर सोडलेला असतो तेव्हा हवेची वाट जवळजवळ बंद असते. पिस्टन त्या बंद दारावर हवा ओढत राहतात आणि आत व्हॅक्यूम तयार होतो. एक्सलेटर पूर्ण दाबला की दार सताड उघडं. मग व्हॅक्यूम बनतच नाही.

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. नगरपालिकेचं पाणी बंद झालंय. टाकीत आहे तेवढंच पाणी. बूस्टरचंही तसंच: एक-दोन वेळा ब्रेक दाबण्यापुरता साठा आत असतो. तुम्ही ब्रेक दाबून धरलात तर तो साठा तुमच्या कामी येतो. तुम्ही सोडलात आणि पुन्हा दाबलात, पुन्हा सोडलात, तर प्रत्येक वेळी नळ उघडून पाणी सांडल्यासारखं. तिसऱ्या-चौथ्या वेळी पेडल दगडासारखं कडक लागतं, आणि माणूस ओरडतो, ब्रेक फेल झाला.

इथेच आपल्या जुन्या ड्रायव्हर मंडळींचा सल्ला आड येतो. घाटात ब्रेक लागेनासा झाला तर पंप कर, म्हणजे भराभर दाब-सोड कर, असं आपण ऐकलेलं असतं. तो सल्ला खोटा नाही, पण वेगळ्या रोगावरचा आहे. ब्रेकचं पेडल भुसकन खाली जात असेल, तेलाचा दाब राहत नसेल, तर पंप करून दाब थोडा तरी परत येतो. एक्सलेटर अडकलाय तेव्हा पंप केलात तर आहे तो साठाही गेला. म्हणून एकदाच. लागलं तर दोन्ही पाय ब्रेकवर.

न्यूट्रल: आवाजाला घाबरू नका

ब्रेकवर पाय, आता हात गिअरवर. न्यूट्रल म्हणजे इंजिन आणि चाकं यांचा संबंध तोडणं. इंजिन मग हवं तेवढं ओरडू दे, चाकांपर्यंत ते पोचत नाही.

बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत डी वरून एन वर जायला दांड्यावरचं बटण दाबावं लागत नाही, दांडा नुसता पुढे ढकलला की झालं. काही नव्या गाड्यांत, विशेषतः हायब्रिड आणि इलेक्ट्रिक, दांडा एनकडे सरकवून क्षणभर तिथे धरून ठेवावा लागतो. तुमच्या गाडीत कसं आहे हे मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. पी किंवा आर च्या वाटेला जाऊ नका.

न्यूट्रल झाल्या झाल्या इंजिन भयानक किंचाळेल. आणि तो आवाज ऐकून माणसाचा हात आपोआप परत डी कडे जातो, कारण वाटतं की मी काहीतरी मोडलं. काही मोडलेलं नाही. आजच्या इंजिनांत एका मर्यादेपलीकडे फेरे जाऊ न देणारी व्यवस्था असते. आणि इंजिन खराब झालंच, तर झालं. त्याचं बिल भरता येतं.

मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर तुमचं काम आणखी सोपं: डावा पाय क्लचवर. गंमत बघा, आपल्याकडे अडचणीत सापडल्यावर क्लच आणि ब्रेक दोन्ही एकदम दाबायची सवय पिढ्यान्‌पिढ्या लागलेली आहे. त्या सवयीने कित्येकांना नकळत वाचवलं असेल. पण २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी गाड्या आल्या आणि ऑटोमॅटिक मध्यमवर्गाच्या खिशात आली. आता डाव्या पायाला काम नाही. क्लचची जागा आता न्यूट्रलने घ्यायला हवी, आणि ती सवय आपल्या हाताला अजून लागलेली नाही.

इंजिन आधी बंद केलं तर?

हा प्रश्न हमखास येतो. न्यूट्रल पडतच नसेल तर जरूर बंद करा, पण तो दुसरा पर्याय. कारण इंजिन बंद झालं की पॉवर स्टीअरिंगची मदत जाते. स्टीअरिंग फिरतं, पण जड. ब्रेकलाही बूस्टरमध्ये उरलेला साठाच काय तो.

किल्लीची गाडी असेल तर किल्ली फक्त एक टप्पा मागे, एसीसी पर्यंत. पूर्ण मागे फिरवून किल्ली बाहेर काढलीत तर स्टीअरिंग लॉक होतं, आणि चालत्या गाडीत ते झालं तर विषयच संपला.

बटणाची गाडी असेल तर बटण दाबून धरायचं, मनात तीनपर्यंत मोजत. काही गाड्यांत भराभर तीनदा दाबूनही बंद होते. एकदा टिचकी मारून होत नाही हे मुद्दाम केलेलं आहे, लहान मुलाचा हात किंवा कोणाचं कोपर लागून धावती गाडी बंद पडू नये म्हणून.

हँडब्रेक शेवटी. एकदम खेचला तर मागची चाकं घसरून गाडी फिरू शकते. हळूहळू, टोकाचं बटण दाबून धरून ओढायचा. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर बऱ्याच गाड्यांत तो ओढून धरला की आणीबाणीचा ब्रेक म्हणून काम करतो.

आणि एक गोष्ट करायचीच नाही: चालत्या गाडीत खाली वाकून मॅट ओढायचं नाही. डोळे रस्त्यावर हवेत.

पण पाय कुठे आहे?

आता अवघड भाग. गाडी आपोआप सुटली असं लोक सांगतात, त्यातल्या अनेक प्रसंगांत पाय ब्रेकवर नसतोच. तो एक्सलेटरवर असतो, आणि माणसाला शंभर टक्के खात्री असते की आपण ब्रेक दाबतोय. मग गाडी थांबत नाही म्हणून तो आणखी जोरात दाबतो.

१९८०च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० या गाडीवरून असंच वादळ उठलं होतं. १९८९ मध्ये तिथल्या वाहन सुरक्षा विभागाचा अभ्यास आला. पार्किंगमधून गिअर टाकताना गाडी सुटण्याच्या बहुतेक घटनांचं कारण त्यात चुकीच्या पेडलवरचा पाय असंच निघालं. आज ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय पी मधून दांडा हलत नाही ना? ती सोय सगळीकडे पसरण्यामागे हे प्रकरण आहे.

जपानमध्ये एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या ड्रायव्हरची गाडी रस्ता ओलांडणाऱ्यांत घुसली. एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. मी ब्रेकच दाबत होतो, असं ते आजोबा कोर्टातही सांगत राहिले. २०२१ मध्ये कोर्टाने पाय एक्सलेटरवर होता असं ठरवून त्यांना पाच वर्षांची शिक्षा दिली. मला वाटतं ते खोटं बोलत नसावेत. त्यांच्या मेंदूला खरंच तसं वाटत असावं, आणि म्हणूनच हे भीतीदायक आहे.

इथे एक तांत्रिक मुद्दा लक्षात घ्या. आता बऱ्याच गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबली गेली तर कॉम्प्युटर ब्रेकचं ऐकतो आणि एक्सलेटर सोडून देतो. अडकलेल्या मॅटवर हा उत्तम उपाय आहे. पण पायच चुकीच्या पेडलवर असेल तर ब्रेक दाबलेलाच नाही, मग ही सोय काय करणार? म्हणून जपानने नव्या ऑटोमॅटिक कारमध्ये पेडलची गल्लत ओळखणारं यंत्र २०२८ पासून बंधनकारक करायचं ठरवलंय.

आपल्यासाठी नियम साधा: ब्रेक दाबताना गाडी जास्त पळाली, तर पाय आधी पूर्ण उचला आणि मग पुन्हा ब्रेकवर ठेवा. आणि न्यूट्रल इथेही चालतं. पाय कुठेही असो, चाकांना ताकद मिळत नाही.

डिझेलवाल्यांसाठी दोन वाक्यं. जुन्या टर्बो डिझेलमध्ये टर्बोचं सील गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत पळू शकतं, आणि किल्ली बंद करूनही थांबत नाही. गाडी थांबवा, सगळ्यांना लांब उतरवा. मॅन्युअल गाडी असेल तर उतरण्याआधी ब्रेक घट्ट दाबून टॉप गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा, इंजिन गुदमरून बंद पडतं.

या आठवड्याचं काम

पहिलं, मॅट बघा. पावसाळा आला की आपण कापडी मॅटवर रबरी मॅट टाकतो, त्यावर पेपर टाकतो. सॅन्टीच्या गाडीतलं मॅटही पावसाचिखलासाठीचंच होतं. मॅटवर मॅट टाकू नका, त्याच गाडीचं वापरा, हुकात अडकवा. गाडी धुवून आली, सर्व्हिसिंगहून आली, की बसण्याआधी एक नजर खाली टाका. पाण्याची बाटली, काढून ठेवलेली चप्पल ड्रायव्हरच्या पायाशी नको. बाटली ब्रेकखाली गेली की ब्रेक दाबलाच जात नाही.

दुसरं, उभ्या गाडीत, ब्रेक दाबून, खाली न बघता डी वरून एन वर जा. दहा वेळा. मग रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी २५-३० ने जाताना एकदा एन टाकून गाडी नुसती घरंगळू द्या आणि ब्रेकने थांबवा. चालत्या गाडीत इंजिन बंद करायचा सराव मात्र करू नका.

तिसरं, घरात जो जो गाडी चालवतो त्याला एकदा विचारा: एक्सलेटर अडकला तर काय करशील? उत्तर लगेच आलं पाहिजे. ब्रेक दाबून धरायचा, न्यूट्रल, कडेला, मग बंद. आणि असा प्रसंग येऊन गेलाच, तर पार्किंग लाइट लावा, रस्त्यापासून लांब उभे राहा, आणि ती गाडी चालवत घरी आणू नका. टोइंगवाल्याला बोलवा. डीलरला लेखी कळवा, तोंडी नाही. सॅन्टीच्या त्या पहिल्या ग्राहकाने काउंटरवर तोंडी सांगितलं होतं.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. गाडी सांभाळून चालवा, नमस्कार.